हक्क कुणाच्या विरुद्ध?

मागच्या डिसेंबरात पुण्यात विधी महाविद्यालयांच्या एका वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय अमेरिकेतल्या बंदुकांचा. ठरावाच्या बाजूची मुलगी म्हणाली, ‘१७९१ सालच्या एका ओळीपायी आज शाळेत मुलं मरतायत.’ विरोधातला मुलगा तितक्याच तडफेने उठला : ‘१७९१ पासून प्रत्येक अमेरिकन माणसाला प्रत्येक राज्यात हा हक्क आहे. तो काढून घेणारे तुम्ही कोण?’ टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. चुकले होते दोघंही, आणि गंमत म्हणजे एकाच जागी चुकले होते. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ पासून कागदावर आहे हे खरं. पण ती इलिनॉय, न्यूयॉर्क किंवा टेक्सासच्या सरकारला बांधते, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा म्हटलं ते २८ जून २०१० रोजी. त्याआधी १८७६, १८८६ आणि १८९४ अशा तीन वेळा याच न्यायालयाने अगदी उलट सांगितलं होतं. शिकागोच्या नगरपालिकेने पिस्तुलावर बंदी घातली तर दुसरी दुरुस्ती तिचं काही वाकडं करू शकत नव्हती. या देशाबद्दल इतकं ठासून बोलताना एवढी मोठी गोष्ट नजरेतून सुटते कशी?

माझं म्हणणं आधीच सांगतो. ‘मॅक्डॉनल्ड विरुद्ध शिकागो’ हा २०१० चा निकाल, त्याच्यापुढे जो प्रश्न होता तेवढ्यापुरता, बरोबर होता. हे मी बंदुकांच्या प्रेमापोटी म्हणत नाही; घरात पिस्तूल ठेवण्याची कल्पनाही मला सहन होत नाही. पण एखादा हक्क राज्यांनाही बांधतो का हा एक प्रश्न, आणि त्या हक्काच्या पोटात काय काय येतं हा दुसरा. बंदुकांवर नियंत्रण हवं असणाऱ्यांची खरी तक्रार दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे आणि तिच्यात दम आहे. भांडतात मात्र ते पहिल्या प्रश्नावर. तिथे हरले तर हसं होतं, आणि जिंकले असते तर त्यांचंच जास्त नुकसान झालं असतं.

भारतीय विद्यार्थ्याचा हा घोटाळा होणं तसं स्वाभाविक आहे. आपल्या राज्यघटनेचं १२ वं कलम सुरुवातीलाच सांगून मोकळं होतं की मूलभूत हक्कांच्या प्रकरणात ‘राज्य’ म्हणजे केंद्र सरकार आणि संसद, राज्य सरकारं आणि विधिमंडळं, शिवाय स्थानिक प्राधिकरणंसुद्धा. तुमचा हक्क दिल्लीने मोडला काय किंवा गावच्या नगरपालिकेने, दाद मागण्याची वाट तीच. त्यामुळे ‘हक्क आहे, पण कुणाच्या विरुद्ध?’ असं विचारायची वेळच आपल्यावर येत नाही. अमेरिकन घटनाकारांनी अशी व्याख्या लिहिली नाही. ती न लिहिलेली ओळ भरून काढायला त्यांना एक यादवी युद्ध, एक घटनादुरुस्ती आणि दीडशे वर्षांचे खटले लागले, आणि काम अजून पुरतं झालेलं नाही.

सुरुवात झाली ती गाळापासून. बाल्टिमोरच्या बंदरात बॅरन नावाच्या गृहस्थाचा एक धक्का होता. शहराने रस्ते बांधताना ओढ्यांची तोंडं वळवली, पावसाबरोबर माती वाहत आली आणि धक्क्याशी साचत गेली. पाणी इतकं उथळ झालं की जहाजं धक्क्याला लागेनात. खालच्या न्यायालयाने साडेचार हजार डॉलर भरपाई मंजूर केली, वरच्याने ती रद्द केली. बॅरन सर्वोच्च न्यायालयात गेला आणि पाचव्या दुरुस्तीकडे बोट दाखवून म्हणाला, मोबदल्याशिवाय खाजगी मालमत्ता घेता येत नाही असं इथे लिहिलंय. १८३३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी त्याला परत पाठवलं. प्रश्न महत्त्वाचा आहे पण फारसा अवघड नाही, असं म्हणत त्यांनी निर्वाळा दिला की हक्कांची ही सनद, म्हणजे घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या, केंद्राच्या भीतीतून जन्मली, तिने केंद्रालाच बांधलंय. राज्यांपासून संरक्षण हवं असेल तर ते राज्याच्या घटनेत शोधा. इतिहास म्हणून मार्शल बरोबर होते. पण परिणाम काय झाला? राज्याने तुमचं वर्तमानपत्र बंद केलं, घराची झडती घेतली किंवा वकिलाशिवाय तुरुंगात टाकलं, तरी अमेरिकेची घटना मुकाट बघत बसायची. आणि ज्या राज्यांत माणसांची खरेदी-विक्री चालायची, त्यांना हा मुकेपणा चांगलाच सोयीचा होता.

यादवी संपली १८६५ साली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मिसिसिपीच्या विधिमंडळाने एक कायदा केला. त्यातलं एक कलम मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचून दाखवतो : जो मुक्त झालेला कृष्णवर्णीय अमेरिकेच्या लष्करी सेवेत नाही आणि ज्याच्याकडे काउंटीच्या पोलीस मंडळाचा परवाना नाही, त्याने कुठलीही बंदूक, दारूगोळा, खंजीर किंवा मोठा सुरा बाळगायचा नाही. दंड दहा डॉलरपर्यंत. आणि जप्त केलेलं हत्यार जाणार चुगली करणाऱ्याच्या खिशात! कायद्याच्या भाषेत इतका उघड लोभ क्वचितच सापडतो. आपल्याला याचा वास ओळखीचा वाटायला हरकत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि गोऱ्याला सूट होती. कायदा वाचायला बंदुकीबद्दलचा असतो. खरं तर तो कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणावर नाही, याची यादी असतो.

वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, दक्षिणेतल्या या बातम्या रोज येत होत्या. हत्यारं काढून घ्यायला घरोघर कोण फिरत होतं? बऱ्याचदा राज्याची मिलिशिया (नागरिकांतून उभारलेली फौज), म्हणजे कालपर्यंत बंडखोर सैन्यात असलेली आणि आता राज्याचा बिल्ला लावलेली तीच माणसं. १८६६ च्या जुलैत काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून मुक्त गुलामांसाठीच्या ब्युरोचा जो कायदा केला, त्यात ‘शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काचा’ नाव घेऊन उल्लेख आहे. याच काँग्रेसने चौदावी दुरुस्ती रचली. सिनेटमध्ये ती मांडताना मिशिगनच्या जेकब हॉवर्ड यांनी २३ मे १८६६ रोजी पहिल्या आठ दुरुस्त्यांमधले हक्क मोजून दाखवले, शस्त्रं बाळगण्याचाही त्यात होता, आणि राज्यांना हे हक्क पाळायला लावणं हाच दुरुस्तीचा हेतू असल्याचं सांगितलं. दुरुस्तीचे मुख्य शिल्पकार ओहायोचे जॉन बिंगहॅम यांनी पुढे स्पष्ट केलं की मार्शल यांचा बॅरनमधला निकाल पुन्हा वाचूनच आपण शब्द निवडले होते. मार्शल म्हणाले होते ना, राज्यांना बांधायचं तर तसं स्पष्ट लिहा? मग लिहिलं : कुठलंही राज्य अमेरिकेच्या नागरिकांचे विशेषाधिकार आणि संरक्षणं कमी करणारा कायदा करणार नाही. जुलै १८६८ मध्ये दुरुस्ती संमत झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही याला कारण न्यू ऑर्लिन्सचे खाटीक. लुईझियानाने १८६९ मध्ये शहरातली कत्तलखान्यांची मक्तेदारी एका कंपनीला २५ वर्षांसाठी दिली. बाकीचे खाटीक चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन न्यायालयात गेले. १८७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘विशेषाधिकार आणि संरक्षणं’ म्हणजे फक्त केंद्रीय नागरिकत्वातून मिळणाऱ्या गोष्टी : देशाची बंदरं वापरता येणं, भर समुद्रात सरकारचं संरक्षण मिळणं, असलं काही. सहा लाखांवर माणसं मारली गेलेल्या युद्धानंतर लिहिलेल्या वाक्यातून निघालं काय, तर बंदरावर जाण्याची मुभा. मक्तेदारीचा तो कायदा आरोग्याच्या दृष्टीने कदाचित शहाणपणाचाही असेल. कत्तलखान्यांची घाण नदीत जात होती. पण एका शहाण्या कायद्याला वाचवताना न्यायालयाने घटनेतलं एक अख्खं वाक्य मारून टाकलं. आजही ते मेलेलंच आहे.

त्याच लुईझियानात, त्याच वर्षी, १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या रविवारी कोलफॅक्स गावात काय घडलं ते जरा थांबून बघायला हवं. निवडणूक वादग्रस्त होती. कृष्णवर्णीय माणसं कचेरीच्या इमारतीभोवती खंदक खणून आपल्या बाजूच्या अधिकाऱ्यांचं रक्षण करत होती. समोरून गोऱ्यांचा सशस्त्र जमाव आला आणि त्यांच्याकडे तोफ होती. कचेरीला आग लावण्यात आली, बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि शरण आलेल्यांना रात्री कैदेतून काढून मारण्यात आलं. मृतांचा आकडा ६० ते १५० असा वेगवेगळा सांगितला जातो. इतक्या प्रेतांची कुणी धड मोजदादही केली नाही. नव्वदवर आरोपींपैकी नऊ जणांवर खटला उभा राहिला आणि तिघे दोषी ठरले. त्यांपैकी विल्यम क्रुइकशँक याचं नाव खटल्याला मिळालं. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं. कारण? शांततेने जमण्याचा हक्क आणि शस्त्रं बाळगण्याचा हक्क केंद्रालाच बांधतो, तिसऱ्या माणसाने तो मोडला तर केंद्राला बोलायला जागा नाही. मृतांच्या नातेवाइकांनी राज्याकडे जावं. कुठल्या राज्याकडे, तर लुईझियानाकडे! १९५० मध्ये राज्याने त्या जागी एक पाटी लावली. तिच्यावर या प्रकाराला ‘दंगल’ म्हटलं होतं आणि तिने दक्षिणेतल्या, उत्तरेतून आलेल्या उपऱ्यांच्या गैरकारभाराचा शेवट झाला, असा अभिमानही व्यक्त केला होता. ही पाटी उतरली २०२१ साली.

दहा वर्षांनी शिकागोच्या जर्मन कामगारांचा मामला आला. हर्मन प्रेसर हा गृहस्थ घोड्यावर बसून, तलवार लावून, चारशे बंदूकधारी कामगारांचं संचलन घेऊन रस्त्यावरून गेला होता. त्याला दहा डॉलर दंड झाला. (पुन्हा दहा डॉलर, या हक्काचा भाव ठरूनच गेला होता बहुधा.) न्यायालयाने क्रुइकशँकचा हवाला दिला आणि फाईल बंद केली. एकदा कृष्णवर्णीय शेतमजूर, एकदा परदेशी समाजवादी : ‘हा राज्याचा विषय आहे’ हे वाक्य कुणाला ऐकवलं जात होतं ते बघा.

पुढे विसाव्या शतकात न्यायालयाला आपली चूक उमगली, पण मान्य करायची लाज वाटली. पुढचं दार आपणच खिळे ठोकून बंद केलेलं. मग मागच्या दाराने सामान आत घेणं सुरू झालं. चौदाव्या दुरुस्तीतच दुसरं वाक्य आहे : कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय राज्य कुणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही. या ‘स्वातंत्र्य’ शब्दात एकेक हक्क बसवायला सुरुवात झाली. वकील मंडळी याला इन्कॉर्पोरेशन म्हणतात. १८९७ मध्ये बॅरनचाच मुद्दा, मालमत्तेचा मोबदला, शिकागोच्या एका रेल्वेच्या खटल्यात आत आला, बॅरन हरल्याला ६४ वर्षं झाल्यावर. १९२५ मध्ये गिटलो नावाच्या एका समाजवाद्याच्या खटल्यात भाषणस्वातंत्र्य आलं. १९६१ मध्ये बेकायदा झडतीतला पुरावा न वापरण्याचा नियम, १९६३ मध्ये गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील, १९६८ मध्ये ज्यूरीचा हक्क. आज आपण ‘अमेरिकेत मूलभूत हक्क कडक आहेत’ म्हणतो तेव्हा बहुतांशी या मागच्या दाराने आलेल्या सामानाबद्दल बोलत असतो.

गिटलोशी आपलं एक थेट नातं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना, ‘अमेरिकेत हक्क निरपवाद आहेत आणि तुम्ही मात्र अपवाद घातलेत’ या टीकेला उत्तर देताना, डॉ. आंबेडकरांनी गिटलोतलाच उतारा वाचून दाखवला होता : भाषणस्वातंत्र्य म्हणजे वाटेल ते बोलण्याचा परवाना नव्हे. एकाच निकालात दोन्ही गोष्टी होत्या. हक्क राज्याला बांधतो, आणि तरीही तो अमर्याद नाही. गिटलो स्वतः तर हरलाच. हे दोन धागे वेगळे ठेवता येतात, हे आंबेडकरांना दिसत होतं. पुढच्याच महिन्यात मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी शस्त्रं बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. १९३१ च्या कराची ठरावात आपल्या काँग्रेस पक्षाने तो मागितला होताच. आंबेडकरांनी नकार दिला. जो तो बाजारात जाऊन हवं ते हत्यार घेऊ लागला तर राज्य चालायचं कसं, असं विचारलं. आपण त्या हक्काचा मजकूरच नाकारला आणि उरलेले हक्क मात्र खालच्या नगरपालिकेपर्यंत लावले. अमेरिकेतल्या नियंत्रणवाद्यांना खरं तर हाच युक्तिवाद करायचाय. पण मजकूर त्यांच्या घटनेत आहे, म्हणून ते व्याप्तीवर, म्हणजे हक्क राज्यांना लागू होतो का यावर, घसरतात.

आता मॅक्डॉनल्ड. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की दुसरी दुरुस्ती व्यक्तीला घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा हक्क देते. तो खटला राजधानी वॉशिंग्टनचा होता. ती कुठल्याच राज्यात मोडत नाही, म्हणून राज्यांचा प्रश्न टळला. मग शिकागोतले निवृत्त देखभाल कर्मचारी ओटिस मॅक्डॉनल्ड पुढे आले. वय सत्तरीच्या पुढे, वर्ण काळा, जन्म (पुन्हा) लुईझियानात, वाट्याने शेती करणाऱ्या घरातला. १९७१ पासून ज्या वस्तीत राहिले ती डोळ्यांदेखत बिघडत गेली, घर अनेकदा फुटलं. शिकारीच्या बंदुका होत्या त्यांच्याकडे. पण म्हाताऱ्या माणसाला रात्री अंधारात लांब नळीची बंदूक सावरत नाही, त्यांना पिस्तूल हवं होतं. शिकागोने १९८२ पासून पिस्तुलांची नवी नोंदणी बंद केली होती आणि नोंदणीशिवाय पिस्तूल बाळगणं गुन्हा होता. खालच्या न्यायालयांनी क्रुइकशँक आणि प्रेसर दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चारने शिकागोला हरवलं. मुख्य निकालपत्र न्या. अलिटो यांचं.

विरोधातल्या न्यायाधीशांचे मुद्दे मी हलके मानत नाही. पहिला सगळ्यात खोल आहे. दुसरी दुरुस्ती सुरूच होते सुव्यवस्थित मिलिशियाच्या उल्लेखाने. केंद्राने राज्यांच्या मिलिशिया मोडून काढू नयेत म्हणून ती लिहिली गेली. म्हणजे ती राज्यांची ढाल आहे. ढाल ज्यांच्यासाठी केली त्यांच्याच डोक्यात मारायची, हा कुठला न्याय? १७९१ पुरतं बोलायचं तर मला हे पटतं. हेलरमधलं न्या. स्टीव्हन्स यांचं विरोधी मत मला न्या. स्कालियांच्या बहुमताच्या निकालपत्रापेक्षा इतिहासाच्या जास्त जवळचं वाटतं. पण राज्यांचा प्रश्न १७९१ चा नाहीच, तो १८६८ चा आहे. आणि १८६८ मध्ये मिलिशिया कोण होती? झोपडीत शिरून मुक्त गुलामाची बंदूक उचलून नेणारी. काँग्रेसने मार्च १८६७ मध्ये दक्षिणेतल्या बहुतेक मिलिशिया बरखास्त केल्या, तेव्हा त्यातल्या माणसांची हत्यारंही काढून घ्यावीत अशी सूचना होती. दुसऱ्या दुरुस्तीचा भंग होईल म्हणून ती गाळली गेली. मिलिशिया मोडा पण माणसाचं हत्यार राहू द्या, असं म्हणणारी काँग्रेस हा हक्क व्यक्तीचा समजत होती की राज्याचा? थोडक्यात, माझ्या मते मॅक्डॉनल्डचा पाया हेलरपेक्षा भक्कम आहे. केंद्राविरुद्धचा व्यक्तिगत हक्क डळमळीत, राज्यांविरुद्धचा पक्का : लोक नेमकं उलटं समजतात.

दुसरा मुद्दा राज्यांच्या स्वायत्ततेचा. वायोमिंगच्या माळावर पोलीस यायला तास लागतो, शिकागोच्या दक्षिण भागात दर शनिवार-रविवारी माणसं मरतात. दोन्हीकडे एकच नियम कशाला? प्रश्न रास्त आहे, फक्त तो राज्यांच्या नावाने विचारताना एक अडचण येते. मॅक्डॉनल्ड खटल्यात ५० पैकी ३८ राज्यांनी स्वतःहून न्यायालयाला कळवलं होतं की हा हक्क आम्हाला लागू करा. आणि स्थानिक विवेकाचा इतिहास काही फार गोंडस नाही. १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता. स्थानिक अधिकाऱ्यांनी तो नाकारला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे लोक बंदुका घेऊन सॅक्रमेंटोच्या विधानभवनात शिरले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक सार्वजनिक जागी नेण्यावर बंदी आणली. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. बंदूक कुणाच्या हातात दिसली की कायद्याला घाई होते, यावरून बरंच कळतं.

तिसरा मुद्दा न्या. ब्रेयर यांचा. बंदूक माणूस मारते, भाषण मारत नाही. किती बंदुकांमुळे किती मृत्यू होतात ही आकडेमोड विधिमंडळांनी करावी, न्यायाधीशांना ती येत नाही. हे मला अर्धं पटतं. पण झडतीचा नियम घ्या. पोलिसांनी वॉरंटशिवाय घरात शिरून पिशवीभर हेरॉइन पकडलं तरी पुरावा बाद होतो आणि आरोपी सुटतो. त्यातला एखादा उद्या खून करणार नाही याची हमी कोण देतं? माणसाचं रक्त महाग आहे म्हणून हक्क राज्याला लागू करायचा नाही, असं एकदा म्हटलं की मुंबईतला असो वा शिकागोतला, प्रत्येक पोलीस आयुक्त हेच वाक्य घेऊन रांगेत उभा राहील.

एक कबुली मात्र द्यायलाच हवी, आणि बंदूकप्रेमी ती कधीच देत नाहीत. ते कोलफॅक्सची गोष्ट सांगतात आणि म्हणतात, बघा, निःशस्त्र माणसाचं काय होतं. अहो, पण ती माणसं निःशस्त्र नव्हती! त्यांच्याकडे बंदुका होत्या, खंदक होते. समोर तोफ होती आणि मागे कुणी नव्हतं. त्यांना वाचवलं असतं ते केंद्राच्या सैन्याने आणि क्रुइकशँकला तुरुंगात ठेवणाऱ्या न्यायालयाने. मी मॅक्डॉनल्डच्या बाजूने आहे ते बंदुकीने गरिबाचं रक्षण होतं म्हणून मुळीच नाही. क्रुइकशँकने बंदुकीच्या हक्काबरोबर एकत्र जमण्याचा हक्कही बुडवला होता आणि कैद्यांना मारणाऱ्यांना घरी पाठवलं होतं. त्या निकालाचा एक तुकडा सोयीचा म्हणून जपून ठेवायचा आणि बाकीचा लाजिरवाणा म्हणून टाकायचा, हे मला जमत नाही. आणि शिकागो तेच करत होतं.

निकालात माझ्या मते चुकलं ते दार. मॅक्डॉनल्डचे वकील अ‍ॅलन गुरा यांनी मेलेलं वाक्य, विशेषाधिकारांचं, जिवंत करा अशी विनंती केली होती. २ मार्च २०१० च्या सुनावणीत स्कालियांनीच त्यांची टर उडवली : प्राध्यापक मंडळींचा लाडका मुद्दा आहे हा, सरळ योग्य प्रक्रियेच्या वाक्यावर का जात नाही? इतिहासाच्या मूळ अर्थाची शपथ घेणारा न्यायाधीश मूळ वाक्याला हात लावायला तयार नव्हता! एकट्या न्या. थॉमस यांनी ते वाक्य उचललं आणि दक्षिणेतल्या दहशतीचा इतिहास पानंच्या पानं लिहिला. बाकी चौघं मागच्या दारानेच गेले. म्हणून खाटकांचा १८७३ चा निकाल अजून तसाच उभा आहे.

आणि मग तक्रार कुठे करायची? २०२२ च्या ब्रूएन निकालाबद्दल. न्यूयॉर्कचा १९१३ पासूनचा नियम होता की बाहेर पिस्तूल न्यायचं तर विशेष कारण दाखवा. तो सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द करताना न्यायालयाने नवी कसोटी लावली : सरकारने आजच्या नियमासारखा नियम जुन्या इतिहासात दाखवावा. लगेच खालच्या न्यायालयांत अठराव्या शतकातले दारूगोळ्याच्या कोठाराचे कायदे उकरणं सुरू झालं. बायकोला, मैत्रिणीला मारहाण करणाऱ्यावर न्यायालयाचा मनाई हुकूम असेल तर त्याने बंदूक बाळगू नये, हा कायदासुद्धा एका अपिली न्यायालयाने ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणून उडवला. नवऱ्याने बायकोला मारणं हे पूर्वी क्वचितच गुन्ह्यात धरत, तर तसा कायदा सापडणार कुठून? २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एकने सर्वोच्च न्यायालयाला ते निस्तरावं लागलं. पण लक्षात घ्या, तो कायदा केंद्राचा होता. मॅक्डॉनल्ड झालाच नसता तरी रहिमीचा गोंधळ जसाच्या तसा झाला असता. रोग व्याप्तीत नाही, कसोटीत आहे. २०१० ते २०२२ या काळात हक्क राज्यांना लागू होता आणि तरीही बहुतेक नियंत्रणं, परवाने, पार्श्वभूमी तपासणी, गुन्हेगारांवरची बंदी, न्यायालयांत टिकली होती.

स्पर्धा संपल्यावर चहा घेताना त्या मुलीने मला विचारलं, ‘सर, मग हा निकाल उलटवला तर वाईट काय?’ मी तिला इंडियानातल्या एका माणसाची हकीकत सांगितली. किरकोळ अंमली पदार्थ विकताना तो पकडला गेला, आणि राज्याने त्याची लँड रोव्हर गाडी जप्त केली. गाडी त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशातून ४२ हजार डॉलरला घेतलेली. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड दहा हजार. अवाजवी दंड नको, असं आठवी दुरुस्ती म्हणते, पण ती आम्हाला लागू नाही, असं इंडियानाचं म्हणणं. २०१९ मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने ती लागू केली. निकालपत्र न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं. मॅक्डॉनल्ड खटल्यात त्या विरोधात होत्या. कुठला हक्क राज्यांना लागू होतो हे ठरवायची कसोटी सांगताना त्यांनी उतारा घेतला तो मॅक्डॉनल्डमधूनच. गाडी त्या माणसाला परत मिळाली २०२० मध्ये, जप्तीनंतर सात वर्षांनी.